कपाळावरची गाठ काढली, पण मुंग्या काही थांबेनात

गेल्या अंकात तोंड वाकडं होण्यावर म्हणजे बेल्स पाल्सीवर लिहिलं होतं, त्यात जाताजाता एक वाक्य होतं की महिनोन्महिने हळूहळू वाकडं होत जाणारं तोंड बेल्स पाल्सीचं नसतंय, त्यामागं चामडीचा नाहीतर लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर असू शकतो आणि तो नर्व्हमधून सरकलेला असू शकतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं नि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, कुठल्या भागातनं आलंय तेवढं दिलंय. प्रश्न थोडे कापलेत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

निपाणीजवळच्या एका गावातून: डॉक्टरसाहेब नमस्कार. आमच्या आप्पांचं वय ६८, सगळं आयुष्य शेतात, आधी तंबाखू आणि आता ऊस. दोन वर्षांमागं उजव्या भुवईच्या वर खपली धरणारी एक जखम होती ती दवाखान्यात काढून घेतली, तपासायला काही पाठवलं नव्हतं. जखम चांगली भरली. आता त्याच जागेपासून टाळूपर्यंत मुंग्या चाललेत म्हणतात, हात लावला तर बधिर, रात्री आग होते. एकांनी नागीण होऊन गेली असंल म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी न्यूराल्जिया म्हटलं. आता बेळगावात एमआरआय केला तर नसेतनं कॅन्सर वर चढूलालाय म्हणून सांगितलं. वरनं चामडी एकदम साफ आहे, मग आत कॅन्सर कसा?

तुमचा शेवटचा प्रश्नच खरा मुद्द्याचा आहे, आणि तो वेळेवर कुणाला पडत नाही म्हणून हे दुखणं वर्ष-वर्ष लांबतंय. चेहऱ्याची जाणीव मेंदूकडं नेणारी ट्रायजेमिनल नावाची मोठी नस आहे, दोन्ही बाजूंना एकेक. इथं नस म्हणजे रक्ताची नळी नव्हे, नर्व्ह. तिच्या तीन फांद्या, पहिली कपाळ आणि डोळ्याकडं, दुसरी गाल आणि वरच्या ओठाकडं, तिसरी खालच्या जबड्याकडं. आप्पांच्या कपाळाची फांदी भुवईच्या हाडाच्या खाचेतनं बाहेर येते आणि टाळूपर्यंत पसरते, म्हणून जखम भुवईवर आणि मुंग्या टाळूपर्यंत. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा जो चामडीचा कॅन्सर आहे त्याच्या पेशींना काही वेळा या नर्व्हच्या आवरणाची वाट सापडते आणि मग पाणी जसं रान भिजवायचं सोडून पाट धरतं तसं त्या नर्व्हच्या कडेकडेनं सरकायला लागतात, शक्यतो आतल्या दिशेनं, कवटीकडं. वरची जखम काढली, टाके घातले, कातडी जुळली, पण नर्व्हच्या तोंडाशी चार पेशी राहिल्या असतील तर वर काहीही न दिसता आत काम चालू राहतं. म्हणून चामडी साफ असणं हा इथं दिलासा नाही.

नागीण आणि न्यूराल्जियाचं म्हणाल तर ते दोन्ही आजार खरेच आहेत आणि या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त दिसतात, त्यामुळं पहिल्या डॉक्टरांवर लगेच रागावू नका. पण फरक ओळखता येतो. नागिणीत आधी किंवा बरोबर पाण्याचे फोड येतात आणि घरातलं कुणीतरी ते बघितलेलं असतंय. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंदांची, चूळ भरताना, दाढी करताना, गार वारा लागला की, आणि दोन कळांच्या मधे माणूस ठीक असतो, जागा सहसा बधिर होत नाही. आप्पांना मात्र बधिरपणा आहे, मुंग्या आहेत, ते वाढत चाललंय आणि त्याच जागी पूर्वी न तपासलेली जखम होती. या चार गोष्टी एकत्र आल्या की उलटं सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरून चालायचं असतंय.

आता पुढं काय. पहिलं म्हणजे पुरावा. जुनी गाठ तपासलेली नसल्यामुळं नेमका कुठला कॅन्सर हे कागदावर कुठंच नाही, त्यामुळं सर्जन बहुतेक भुवईत छोटा काप घेऊन त्या नर्व्हचा तुकडा तपासायला पाठवतील. ती जागा आधीच बधिर आहे, तेव्हा तुकडा काढल्यानं आणखी फारसं काही गमवायचं नसतंय. दुसरं म्हणजे नकाशा. साधा डोक्याचा एमआरआय पुरत नाही, शिरेतनं औषध देऊन, चरबीची चमक दाबून, नर्व्हच्या वाटेवर बारीक कापांचा एमआरआय लागतो, शक्यतो ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर, आणि हाडातली भोकं रुंदावलीत का ते बघायला सीटी. फॉर्मवर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहून पाठवलं तर रेडिओलॉजिस्ट मेंदू बघून नॉर्मल म्हणून सोडून देतो, हे फार होतंय! ‘भुवईवरची चामडीची गाठ काढलेली, आता बधिरपणा, पहिल्या फांदीची वाट कवटीच्या आतपर्यंत बघा’ असं डॉक्टरांकडनं स्पष्ट लिहून घ्या. आणि एवढं करूनही एमआरआय नॉर्मल आला तरी बारीक रोग लपलेला असू शकतो, लक्षणं वाढत असतील तर काही महिन्यांनी परत करावा लागतो.

नकाशावर सर्जन तीन टप्पे बघतात. पहिला टप्पा चामडीपासून कवटीच्या तळातल्या भोकापर्यंत, आप्पांच्या फांदीसाठी ते म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या मागची फट. दुसरा तिथपासून गॅसेरियन गँग्लियन म्हणजे तिन्ही फांद्या जिथं एकत्र येतात त्या गाठीपर्यंत. तिसरा त्याच्याही पलीकडं, मेंदूच्या देठाकडं. पहिल्या टप्प्यात ऑपरेशन करून मुळापर्यंत जाता येतं आणि बरं होण्याची आशा खरीखुरी असते. दुसऱ्या टप्प्यात कवटीच्या तळाचं मोठं ऑपरेशन, ते न्यूरोसर्जन आणि हेड-नेक सर्जन मिळूनच करतात आणि असली टीम सगळीकडं नसते. तिसऱ्यात ऑपरेशननं रोग मुळासकट काढणं बहुतेक वेळा होत नाही, मग रेडिएशन आणि औषधं. म्हणून एमआरआयवाल्यांना एकच विचारा, रोग कुठल्या टप्प्यात आहे. तोपर्यंत घरात रडारड नको. हे दुखणं रात्रीत वाढत नाही, पण ऊस तुटून जाऊ दे, मग बघू, असंही करू नका.

खानापूर तालुक्यातून एक ताई: आईच्या गालावरची लहान गाठ काढली. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ म्हणून आहे पण खाली पेरिन्यूरल इन्व्हेजन प्रेझेंट असं लिहिलंय. आईला काहीच त्रास नाही. पुण्याचा भाचा मोबाईलवर वाचून म्हणतोय की चेहरा उघडून मोठं ऑपरेशन करावं लागणार. आम्ही सगळे घाबरलोय.

भाच्याला सांगा जरा दम धर. पेरिन्यूरल इन्व्हेजन म्हणजे कॅन्सरच्या पेशी नर्व्हच्या कडेनं शिरलेल्या. नर्व्हमधला रोग दोन तऱ्हेचा असतो आणि नेटवर दोन्हीची खिचडी झालीय. एक, वरच्या पत्रातल्या आप्पांसारखा, ज्यात माणसाला बधिरपणा, मुंग्या, चेहऱ्याची हालचाल कमी होणं असं जाणवतंय नाहीतर एमआरआयवर दिसतंय. दुसरा, आईसारखा, फक्त मायक्रोस्कोपखाली पॅथॉलॉजिस्टला गाठीतल्याच एखाद्या बारक्या नर्व्हभोवती पेशी सापडतात, पेशंटला पत्ताही नसतो. बहुतेक पेशंट या दुसऱ्या गटातले असतात आणि त्यांचं भविष्य बरंच बरं असतंय.

पॅथॉलॉजिस्टला भेटून, हो, थेट भेटता येतं, ते माणसं खात नाहीत, एवढं विचारा की ती नर्व्ह किती जाड होती. ०.१ मिलिमीटर ही रेघ सध्या जगभर धरतात, त्यापेक्षा बारीक नर्व्ह असेल तर धोका कमी, तेवढी किंवा जास्त जाड असेल किंवा चामडीच्याही खाली असेल तर स्टेजच वर सरकते. शिवाय गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी होती का, चरबीच्याही खाली गेली होती का, पेशी किती बिघडलेल्या होत्या, एकच नर्व्ह होती की बऱ्याच. सगळं सौम्य निघालं आणि कडा खरोखर मोकळ्या, म्हणजे कडेला पेशी नसलेल्या, असतील तर झालेलं ऑपरेशन पुरेसं असू शकतं, नुसतं बारीक लक्ष ठेवायचं. एकदोन गोष्टी वाईट निघाल्या तर कडा आणखी थोड्या रुंद काढणं नाहीतर रेडिएशन यावर बोलावं लागेल. आईचं वय, शुगर, किडनी ट्रान्सप्लांट झालंय का, तसल्या गोळ्या चालू आहेत का हे पण सांगा, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर चामडीचा कॅन्सर अनेक पटींनी जास्त होतो आणि जास्त आडदांडही असतो.

शहापूर, बेळगावहून: माझ्या मिस्टरांना कानाच्या पुढं चामडीचा कॅन्सर होता, दोनदा काढला, परत आला. आता उजवी भुवई उचलत नाही आणि डोळा नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणतात लाळेची ग्रंथी, चेहऱ्याची नस आणि कानाच्या मागचं हाड थोडं काढावं लागेल. मिस्टर दुकान चालवतात. चेहरा राहतो का हो? गिऱ्हाइकासमोर बसता येईल का?

ताई, तुम्ही विचारलंत ते प्रत्येक घरातलं माणूस बाहेर व्हरांड्यात विचारतंय, आत डॉक्टरसमोर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेहऱ्याच्या हालचालीची नस वेगळी, ती फेशियल नर्व्ह. कानाच्या मागच्या हाडातनं खाली येते, कानाच्या पाळीखालच्या भोकातनं बाहेर पडते आणि पॅरोटिड नावाच्या लाळेच्या ग्रंथीतनं जाता जाता तिच्या पाच फांद्या होतात, कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. मिस्टरांच्या वरच्या फांद्या बंद पडल्यात, एकेक फांदी करत रोग खोडाकडं निघालाय असा त्याचा अर्थ. बेल्स पाल्सीत सगळी बाजू एकदोन दिवसांत पडते आणि काही आठवड्यांत सुधारायला लागते, इथं उलटं, एकेक करत जातंय आणि परत येत नाही.

ऑपरेशनात काय होतं ते असं. पहिल्यांदा जुन्या व्रणासकट चामडी रुंद कडा ठेवून आणि खाली पॅरोटिड ग्रंथी, शक्यतो एकाच तुकड्यात. मग सर्जन फेशियल नर्व्ह खोडाकडं शोधत जातात, एका जागी कापून टोकाचा तुकडा तिथल्या तिथं पॅथॉलॉजिस्टकडं पाठवतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, साधारण २० ते ३० मिनिटांत उत्तर येतं. पेशी आहेत म्हटलं की आणखी मागं. भोकापाशी पण पेशी असतील तर कानामागचं हाड ड्रिलनं उघडून नर्व्ह हाडाच्या आतनं पकडायची. कानामागचं हाड काढावं लागेल असं ते म्हणाले ते याच्यासाठी. कानापुढनं जाणारी ट्रायजेमिनलची एक फांदी पण या भागात फेशियल नर्व्हला येऊन भेटते, रोग तिथनं उडी मारून जबड्याच्या फांदीत जाऊ शकतो, त्यामुळं ती पण तपासतात. मानेतल्या गाठी बहुतेक याच वेळी काढतात. हे ऑपरेशन सकाळी सुरू झालं की संध्याकाळ सहज होते.

फ्रोझन सेक्शनवर शंभर टक्के भरवसा ठेवता येत नाही, बर्फात गोठवलेल्या तुकड्यात बारीक रोग निसटू शकतो. म्हणून काही सर्जन पक्का रिपोर्ट येईपर्यंत चार-सहा दिवस जखम ड्रेसिंगखाली उघडी ठेवतात आणि मगच झाकतात. नातेवाइकांना हे बघवत नाही, जखम उघडी टाकून गेले म्हणून भांडणं पण होतात, पण कडा मोकळ्या झाल्याशिवाय वर सुंदर फ्लॅप, म्हणजे दुसरीकडची कातडी-चरबी, लावून टाकला तर खाली राहिलेला रोग महिनोन्महिने दिसतच नाही, आणि मला विचाराल तर उघडी जखम परवडली. मोह्स सर्जरी म्हणून जे ऐकलं असेल तेही याच विचाराचं, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात काढलेली पद्धत, थर-थर काढून प्रत्येक थराची अख्खी कड मायक्रोस्कोपखाली बघायची. चेहऱ्यावरच्या लहान गाठीला फार छान, पण आपल्या देशात मोजक्या ठिकाणी होते आणि मिस्टरांसारख्या हाडात शिरलेल्या रोगाला ती एकटी पुरत नाही.

आता चेहरा. खरं सांगतो, पूर्वीसारखा राहत नाही. पण पडलेला तसाच सोडून देत नाहीत. खड्डा भरायला मांडीची कातडी-चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून इथं जोडतात. नर्व्हचं मागचं टोक स्वच्छ मिळालं तर पायाच्या पोटरीमागची सुरल नावाची जाणिवेची नर्व्ह काढून मधे जोडतात, बदल्यात पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, आणि हालचाल यायला सहा महिने ते वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. टोक मिळालं नाही तर मांडीच्या पट्ट्यानं ओठाचा कोपरा वर ओढून बांधतात, म्हणजे चहा पिताना गळत नाही. दुकानात बसायचं म्हणजे हे चहाचं आणि बोलण्याचंच महत्त्वाचं, नाही का. दोन-तीन महिन्यांत बसतात माणसं कामाला, रेडिएशन चालू असताना मात्र थकवा असतो.

डोळ्याचं सगळ्यात मनावर घ्या, आणि ऑपरेशनच्या आधीपासून, म्हणजे आजपासून. डोळा मिटत नसेल तर बुबुळ सुकतं, जखम होते, पांढरं पडतं आणि दृष्टी जाते. दिवसभर अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी चिकटपट्टीनं बंद. ऑपरेशनात वरच्या पापणीत सोन्याचं नाहीतर प्लॅटिनमचं छोटं वजन बसवतात, त्या भारानं पापणी मिटते. हो, खरंच सोनं असतंय, पण गहाण ठेवण्याएवढं नव्हे.

अथणीहून: गाठीला सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर भडकतो म्हणतात. खरं का?

नाही. तुकडा न काढता चामखीळ म्हणून जाळलेल्या, चुना-सोडा लावून पाडलेल्या, चुकीच्या नावानं मलम लावत बसलेल्या गाठीच पुढं नर्व्हमधनं सरकलेल्या निघतात. कुठलीही गाठ काढली की ती बाटलीत घालून पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, एवढा हट्ट धरा.

चिकोडी भागातून: माझ्या गालावर आणि कानाजवळ बधिर चट्टा आहे. घरात कुणाला सांगितलं नाही कारण लोक कुष्ठरोग म्हणतील. तुमचं लिहिलेलं वाचून आता कॅन्सरची भीती बसली.

तुम्ही दोन भीती घेऊन एकटेच बसलाय, त्यातली कुठलीच तशी धरून बसण्याची नाही. आपल्या भागात बधिर चट्टा म्हटल्यावर पहिला विचार कुष्ठरोगाचाच करायचा आणि तसा तो केलेला बरा, कारण तो जास्त संभवतो आणि पूर्ण बरा होतो, एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कुष्ठरोगात चट्टा चामडीवर दिसतो, फिकट नाहीतर लालसर, त्याच जागी जाणीव गेलेली, घाम येत नाही, आणि कोपराच्या आतली किंवा मानेवरची कानाकडं जाणारी नर्व्ह दोरीसारखी जाड हाताला लागते. कॅन्सरमध्ये बधिरपणा एका नर्व्हच्या इलाख्यात असतो, चट्टा असेलच असं नाही, आणि त्याच बाजूला आधी कधीतरी गाठ, न भरणारी जखम, जाळलेली चामखीळ असा इतिहास बहुतेक वेळा असतो. पण हे वाचून आरशासमोर निदान करू नका. स्किनच्या डॉक्टरांकडं जा, ते बघतील, गरज वाटली तर तुकडा घेतील.

एक जोडून सांगतो. कुष्ठरोगामुळं तळपायाला वर्षानुवर्षं जखम असलेली, किंवा लहानपणी भाजलेल्या जागेवर व्रण असलेली मंडळी गावोगाव आहेत. तसल्या जुन्या जखमेची कड अचानक फुलकोबीसारखी वाढायला लागली, वास यायला लागला, रक्त यायला लागलं तर तिथं पण हाच स्क्वॅमस कॅन्सर होतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. गोऱ्या लोकांत उन्हानं होणारा चामडीचा कॅन्सर खूप, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तर जगातला सगळ्यात जास्त, आणि नर्व्हमधल्या रोगाच्या ऑपरेशनाचा बराच अनुभव ब्रिस्बेनच्या सर्जननी लिहून ठेवलाय. आपल्या सावळ्या चामडीला उन्हापासून थोडं संरक्षण आहे, पण त्यामुळंच कुणाच्या मनात कॅन्सर येत नाही.

संकेश्वरहून: काकांना ऑपरेशन नको, नुसतं लाइट देऊन जमतंय का? आणि आता इम्युनोथेरपीचं इंजेक्शन आलंय म्हणे.

काका ऑपरेशन झेपण्यासारखे असतील आणि रोग काढण्यासारख्या टप्प्यात असेल तर नुसत्या लाइटवर, म्हणजे रेडिएशनवर, जाऊ नका, दोन्ही मिळून जो फायदा होतो तो एकट्यानं होत नाही. ऑपरेशननंतर जखम भरली की साधारण सहा आठवड्यांच्या आसपास रेडिएशन सुरू करायचं, ६० ते ६६ ग्रे (हे रेडिएशनचं माप), सोमवार ते शुक्रवार रोज एक असं ३० ते ३३ वेळा. लाइट फक्त जखमेवर देत नाहीत, नर्व्हची वाट कवटीच्या तळापर्यंत धरून देतात, आणि हे प्लॅनिंग बारकाईचं काम आहे, डोळा, मेंदूचा देठ, कान वाचवत द्यायचं. त्याआधी दात दाखवून घ्या, किडलेले आधीच काढायचे, नंतर जबड्याचं हाड भरत नाही. तंबाखू आणि विडी बंद, निपाणी-संकेश्वर पट्ट्यात हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, पण फ्लॅप जगायचा असेल तर दुसरा इलाज नाही.

रेडिएशनबरोबर केमो द्यावी का यावर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ३००हून जास्त पेशंटांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये निकाल छापला, कार्बोप्लॅटिन जोडून या चामडीच्या कॅन्सरमध्ये जास्तीचा फायदा निघाला नाही. त्यामुळं कुणी सरसकट केमो सांगत असेल तर कशासाठी हे विचारा. इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचं म्हणाल तर सेमिप्लिमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये, ऑपरेशन किंवा रेडिएशननं बरा करता न येणाऱ्या वाढलेल्या रोगासाठी मंजुरी मिळाली, आणि ऑपरेशन-रेडिएशननंतर जास्त धोक्याच्या पेशंटांत दिलं तर रोग परत येणं कमी होतं असा मोठा अभ्यास २०२५ मध्ये छापून आला. चांगली बातमी आहे, पण ही इंजेक्शनं अतिशय महाग असतात आणि किडनी बदललेल्या माणसात बदललेली किडनी नाकारली जाण्याचा धोका असतो. शेत विकून इंजेक्शन आणायच्या आधी कॅन्सर हॉस्पिटलच्या ट्युमर बोर्डचं, म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले आणि औषधवाले एकत्र बसून देतात ते मत लेखी घ्या.

हिंडलग्याहून: आजी ८४ वर्षांची. रोग कवटीच्या आत गेलाय, ऑपरेशन होत नाही म्हणाले. आता काहीच नाही का?

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही असं नाही. या वयात डोळा, अर्धा चेहरा आणि महिनाभराचं आयसीयू देऊन हातात काय येणार याचा हिशोब डॉक्टरांनी प्रामाणिकपणे घातलाय, आणि माझ्या मते बरोबर घातलाय. थोड्या वेळांचं रेडिएशन दुखणं कमी करायला देता येतं. नर्व्हची आग साध्या क्रोसिननं जात नाही, त्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन असली औषधं लागतात, लहान डोसनं सुरू करून वाढवत, नाहीतर आजी दिवसभर पेंगतात आणि बाथरूमला जाताना पडतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मॉर्फिनच्या गोळ्या. मॉर्फिन म्हटलं की घरात शेवटचंच आलं असं वाटतंय, तसं काही नाही, दुखणाऱ्या माणसाला जेवायला-झोपायला मिळतंय. बद्धकोष्ठाचं औषध मात्र त्याच दिवसापासून. जेवण त्या बाजूनं गालात अडकतं, कळत नाही, प्रत्येक जेवणानंतर चूळ आणि बोटानं साफ. आजीला काय झालंय ते तिला माहीत आहे का, हे पत्रात लिहिलं नाहीत. विचारलं तर खोटं सांगू नका.

येळ्ळूरहून: आम्ही जायचं कुठं? बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर, मुंबई, प्रत्येकजण वेगळं सांगूलालंय. आणि कार्ड कुठलं चालतंय?

तपासणी, बायोप्सी आणि एमआरआय बेळगावात होतंय. पहिल्या टप्प्यातलं ऑपरेशन आणि रेडिएशन जिथं हेड-नेक सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचं मशीन एका छताखाली आहेत अशा कुठल्याही कॅन्सर सेंटरला चालेल, मग ते घाटाच्या अलीकडं असो की पलीकडं. ३० वेळा रोज जाऊन लाइट घ्यायचा असतो, तेव्हा राहायची सोय कुठं आहे, पाहुणे कुठं आहेत हे बघून ठरवण्यात काही गैर नाही. कवटीच्या तळाचं ऑपरेशन असेल तर मात्र पाहुणे बघू नका, टीम बघा, मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, बंगळुरात किदवाई असल्या ठिकाणी निदान मत तरी घ्या. सर्जनला सरळ विचारायचं की नर्व्ह कवटीपर्यंत पाठलाग करायची असली ऑपरेशनं तुमच्याकडं नेहमी होतात का. चांगला सर्जन यावर चिडत नाही.

कार्डाचं सीमाभागात जरा त्रांगडंच आहे. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण मोठ्या उपचाराला साधारणपणे सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लागतंय, तेव्हा खाजगीत थेट ॲडमिट होऊन मग कार्ड काढू नका, आधी जिल्हा हॉस्पिटलमधनं चिठ्ठी घ्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं जाहीर केलं, त्यावर दोन्हीकडं राजकारणही झालं. पेशंट गाडीत घालायच्या आधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा की आमच्या गावाचा दाखला आज चालतोय का आणि बरोबर काय-काय आणायचं.

कागद नेताना रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये पहिलं काम म्हणजे जुन्या गाठीच्या काचा, म्हणजे स्लाइड, परत बघणं. म्हणून जिथं पहिली गाठ काढली तिथल्या लॅबमधनं स्लाइड आणि गाठीचा तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा, ते तुमचेच आहेत. सही करून देतात. एमआरआयची फिल्म नको, सीडी घ्या आणि ती उघडते का ते तिथंच बघा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. मुंबईला सगळे ब्लॉक एकदम देऊन येऊ नका, जेवढे मागतील तेवढेच द्या, पावती घ्या, आणि काम झालं की परत आणून घरात कपाटात ठेवा, दोन वर्षांनी कुणीतरी परत मागणारच.